कार्ड एकच, भाव तीन

ताई,

मी वास्कोचा, वय २६. बाबा मुरगाव बंदरातून निवृत्त झाले. मी बी.कॉम. केलं, पण गेले दोन सीझन ग्रँड आयलंडला स्कूबा डाइव्हिंगसाठी जाणाऱ्या बोटीवर आहे. आधी हवेचे टँक उचलायचो, आता डाइव्हमास्टर आहे, म्हणजे इन्स्ट्रक्टरच्या खालची पायरी. लॉगबुकात ७२ डाइव्ह झालेत. पुढे इन्स्ट्रक्टर व्हायचंय. तीन ठिकाणचे भाव आलेत, तिन्ही पॅडीचे, म्हणजे डाइव्हिंग शिकवून कार्ड देणाऱ्या संस्थेचे. पहिलं इथलंच, उत्तर गोव्यातलं: ९० हजार, 'सगळं धरून', आठ दिवस, आठ जणांची बॅच, मे संपायच्या आत पैसे भरले तरच हा भाव. दुसरं अंदमानात, स्वराज द्वीपला: १ लाख ६५ हजार, चौदा दिवस, फक्त चार जण, राहणं-जेवण आपलं आपण. तिसरं थायलंडला, को ताओ बेटावर: २ लाख ६० हजार, त्यात इन्स्ट्रक्टरच्या वरची पायरी 'एमएसडीटी' आणि दोन महिन्यांची इंटर्नशिप फुकट. माझ्याकडे १ लाख २० हजार साठलेत. बाबा म्हणतात, पतसंस्थेचं कर्ज काढू, पण करायचंच तर परदेशातलं कर, नाव होतं. आई पाटल्या काढून द्यायला निघालीय. मित्र म्हणतो, कार्ड शेवटी तेच मिळणार, मग ९० हजारांचं का नको? शिवाय स्वतःचा रेग्युलेटर (टँकमधली हवा तोंडाशी देणारं यंत्र) घ्यायचाय, साठ हजारांचा बघून ठेवलाय. आणि मला चष्मा आहे. परीक्षेत अडचण येईल का?

— मुरगावकर

मुरगावकरा,

ताई म्हणालास, म्हणून अरे-तुरे करते. चौदा वर्षं मी हेच शिकवलं. आता उजवा कान दाब सोसत नाही, म्हणून खुर्चीत बसून सल्ले देते. तेवढं मनाशी धरून पुढचं वाच.

तुझा मित्र चुकीचं बोलत नाहीये. कार्ड खरंच तेच मिळतं. आयडीसी, म्हणजे इन्स्ट्रक्टरचा कोर्स, शिकवतो त्या सेंटरचा कोर्स डायरेक्टर. पण शेवटची परीक्षा, जिला आपण आयई म्हणतो, ती घ्यायला पॅडीचा परीक्षक बाहेरून येतो. शिकवणारा वेगळा, पास करणारा वेगळा. परीक्षा साधारण दोन दिवस चालते. थिअरीचे पाच पेपर, नियमांचा एक, पास व्हायला ७५ टक्के. वर्गात एक पाठ घ्यायचा, पूलमध्ये एक कौशल्य शिकवून दाखवायचं, समुद्रात दोन. शिवाय पाच कौशल्यांचं प्रात्यक्षिक, आणि बेशुद्ध डाइव्हरला पाण्यावर श्वास देत देत ओढत आणायचं. कळंगुटला शिकलेला असो की को ताओला, प्रश्न त्याच जातीचे आणि कार्डही त्याच रंगाचं. कार्डावर कुठे किती पैसे मोजले ते छापलेलं नसतं.

मग ९० हजार आणि १ लाख ६५ हजार यांच्यातले पंचाहत्तर हजार कशाचे? तू कागद-पेन घेऊन बसला नसशील, मी बसले.

पहिलं सेंटर: आठ दिवस, दिवसाला सात तास धर, छप्पन्न तास झाले. आठ जणांत वाटले तर तुझ्या वाट्याला कोर्स डायरेक्टरची नजर सात तास. अंदमानात चौदा दिवस, तसेच सात तास, म्हणजे अठ्ठ्याण्णव तास. चौघांत वाटले की साडेचोवीस. आता भागाकार कर. गोव्यातल्या सेंटरमध्ये तुझ्यावर रोखलेल्या नजरेचा तास पडतो जवळपास १२,८५० रुपयांना. अंदमानात ६,७५० च्या आतच. ज्याला तू स्वस्त म्हणतोयस तो कोर्स तासाच्या हिशेबात दुपटीच्या जवळ महाग आहे. हिशेब ढोबळ आहे, कबूल. वर्गात सगळे एकत्र बसतात, दुसऱ्याच्या चुका बघूनही माणूस शिकतो. तरी आठांच्या बॅचमध्ये तुझी पाळी येईस्तोवर पूलच्या कडेला कुडकुडत बसणं किती आणि पाण्यात शिकवणं किती, ते तू बोटीवरचा माणूस आहेस, तुला सांगायला नको.

ही नजर मला मिळाली नव्हती. मी ज्या सेंटरमध्ये आयडीसी केली तिथे आम्ही नऊ जण होतो, आणि सगळं पूलमध्ये. आयडीसीत कँडिडेट एकमेकांचे विद्यार्थी बनतात हे तुला ठाऊक असेल. शिक्षक कानात सांगून ठेवतो, तू मास्क साफ करताना नाकाऐवजी तोंडाने हवा सोड, तू बीसीडीचं, म्हणजे हवा भरायच्या जॅकेटचं, बटण चुकीचं दाब. मग आपण ती चूक पकडायची. आम्ही आठवडाभर एकमेकांच्या शहाण्या, ठरवून दिलेल्या चुका पकडल्या आणि सगळे पास झालो. मी तर चांगल्या मार्कांनी.

पंधरा दिवसांनी ग्रँड आयलंडच्या पाण्यात माझी पहिली खरी बॅच. इचलकरंजीचे चौघे, त्यातल्या दोघांना धड पोहायलाही येत नव्हतं. व्हिज, म्हणजे पाण्यात दिसायचं अंतर, तीन मीटर, तेही दयाळूपणे म्हणते. मी एकाचा मास्क बघत होते. मान वळवली तर तीनच माणसं. चौथा कुठे? सात-आठ सेकंद गेले असतील. तो माझ्या बरोबर मागे, दोन हात अंतरावर, गुडघ्यांवर बसून शंख गोळा करत होता. काही झालं नाही. पण त्या सात-आठ सेकंदांत कळलं की मला 'मास्क क्लिअरिंग' शिकवता येतं, चार माणसं सांभाळता येत नाहीत. गढूळ पाण्यात वर्ग कसा बसवायचा, स्वतः कुठे राहायचं म्हणजे मान न वळवता सगळे डोळ्यांसमोर राहतील, घाबरट माणूस कोणत्या बाजूला ठेवायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पुढच्या सीझनला एका जुन्या इन्स्ट्रक्टरच्या हाताखाली अर्ध्या पगारावर राहून ते शिकले. तेव्हा वाचवलेले पैसे असे गेले.

म्हणून दुसऱ्या सेंटरला पहिला प्रश्न हाच विचार: कोर्सच्या आधी किंवा नंतर खऱ्या विद्यार्थ्यांच्या वर्गात मला असिस्ट करायला मिळेल का, आणि तेव्हा माझ्यावर लक्ष कोण ठेवणार? 'हो हो, मिळेल की' यावर भागवू नकोस. किती दिवस, कोणाबरोबर, ते मेलवर लिहून माग.

आता ते 'सगळं धरून'. गोव्यात लग्नाच्या हॉलचं भाडंही 'सगळं धरून' असतं, मग जनरेटर वेगळा, साफसफाई वेगळी. इन्स्ट्रक्टरच्या कोर्सचंही तसंच. आयईची फी पॅडीला थेट भरावी लागते. ती सेंटरच्या हातात नसते आणि परकीय चलनाच्या भावाबरोबर वरखाली होते. इन्स्ट्रक्टर म्हणून नोंदणीचे पैसे वेगळे, नंतर दरवर्षी सभासदत्वाचे वेगळे. ते भरले नाहीत तर कार्ड खिशात असूनही शिकवता येत नाही. पुस्तकं आणि डिजिटल साहित्य वेगळं. प्रथमोपचार शिकवण्याचं, ईएफआर इन्स्ट्रक्टरचं प्रशिक्षण सक्तीचं आहे, आणि बऱ्याच ठिकाणी ते मुख्य भावात नसतं. डॉक्टरांनी सही केलेला फॉर्म लागतो, बारा महिन्यांच्या आतला. विमा. जीएसटी आत की बाहेर. आणि आयईत एखाद्या भागात नापास झालास तर पुन्हा बसायची फी कुणाची, पुन्हा शिकवायचे पैसे घेणार की नाही? यातली एकेक ओळ तिन्ही ठिकाणी पाठव आणि समोर 'आत' किंवा 'बाहेर' लिहून मागव. मला खात्री आहे, तुझे ९० हजार त्या कागदावर ९० हजार राहणार नाहीत. अंदमानचा आकडाही वाढेल, पण तिथे निदान राहणं-जेवण वेगळं असल्याचं त्यांनी आधीच सांगितलंय. मला ते आवडलं.

'मे संपायच्या आत' या अटीचं मला हसू आलं. जून ते सप्टेंबर गोव्यात कोण डाइव्ह करतो? यांत्रिक बोटींची मासेमारीच बंद असते १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, आणि डाइव्हिंगच्या बोटी सप्टेंबरअखेरपर्यंत ताडपत्रीखाली. पावसाळ्याआधी बॅच भरायची घाई त्यांना आहे. तुला नाही.

पैसे भरण्याआधी आणखी एक काम कर, याला दमडी लागत नाही. पहिलं सेंटर इथलंच आहे, तर त्यांच्या बोटीवर एक दिवस जा. तू लाइनीतला पोरगा आहेस, तुला कुणी नाही म्हणणार नाही. डेकवर ऑक्सिजनचा डबा असतो. तो उघडून दाखवा म्हण. सिलिंडर भरलेला आहे का, मास्क आहे का, उघडायला चावी जागेवर आहे का ते बघ. मी एका बोटीवर त्या डब्यात बिस्किटाचे पुडे बघितलेत. मग कॉम्प्रेसर कुठे ठेवलाय ते बघ. हवा ओढणारी नळी जनरेटरच्या किंवा गाडीच्या धुराजवळ असेल तर टँकमध्ये कार्बन मोनॉक्साइड जातो, आणि त्याला वास नसतो. टँकच्या खांद्यावर हायड्रो टेस्टची (टँक दाब सोसतो का या तपासणीची) तारीख ठोकलेली असते, ती वाच. आणि माणसं मोज. डिस्कव्हर स्कूबाला, म्हणजे नवख्यांच्या पहिल्या डाइव्हला, समुद्रात एका इन्स्ट्रक्टरमागे जास्तीत जास्त चार जण, खोली १२ मीटरच्या आत. पाणी गढूळ असेल, माणसं बिचकणारी असतील तर चारही जास्तच. तिथे एकामागे सहा-सात दिसले तर तिथून उठ. जे सेंटर तुझ्यासमोर नियम मोडतं ते तुला नियमांच्या पेपरापुरतं तयार करेलही, पण सवय तीच लागेल.

हे लिहिता लिहिता एक कडू गोष्ट. 'ग्रँड आयलंड, जेवण आणि स्कूबा' असे फलक लावून जे चालतं ते तू दोन सीझन जवळून बघितलंयस. पर्यटकाला टँकच्या व्हॉल्व्हला धरून पाच मीटरवर न्यायचं, दहा-बारा मिनिटं, दोन फोटो, वर. तूही त्यात असशील. आणि डाइव्हमास्टर असून नवख्याला एकटा समुद्रात नेत असशील तर ते आजपासून बंद कर. तो अधिकार इन्स्ट्रक्टरचा आहे. काही झालं तर बोटीचा मालक बाजूला होतो आणि नाव तुझं येतं.

दुसरं म्हणजे तुझ्या ७२ मधल्या किती डाइव्ह खऱ्या? रागावू नकोस. ट्रेनिंग डाइव्हचा निकष असा की बराचसा वेळ पाच मीटर किंवा त्याखाली, आणि वीस मिनिटं पाण्याखाली किंवा चौदाशे लिटर हवा वापरलेली. त्या मापाने स्वतःचं लॉगबुक एकदा लाल पेनने तपास. आयडीसी सुरू करायला ६० लागतात, आयईला बसायला १००, आणि त्यात रात्रीची, खोल पाण्याची, दिशा शोधण्याची डाइव्ह दाखवावी लागते. माझा अंदाज, तुझ्या लाल पेनानंतर पन्नाशीच्या आसपास उरतील, आणि त्यातल्या बहुतेक एकाच बेटाच्या एकाच बाजूच्या. परीक्षकाला आकडा चालतो, पण मी तुझ्या बाबांच्या जागी असते तर विचारलं असतं की या पोराने वीस मीटरखालचं पाणी बघितलंय का? प्रवाह बघितलाय का? ग्रँड आयलंडच्या आसपासची पाण्याखालची जागा, सुझीज रेक हे बुडालेलं जहाज धरून, उथळच. तिथे माणूस गढूळपणा शिकतो, खोली नाही.

आता माझं म्हणणं. यंदा कुठेही पैसे भरू नकोस.

पावसाळ्याचे चार महिने घरी थिअरी संपव. दाब, हवेचं आकारमान, रक्तातला नायट्रोजन, डाइव्ह टेबल. आयडीसीचे दोन-तीन दिवस बहुतेकांचे यातच जातात. दहा मीटरला दाब दुप्पट होतो हे सगळ्यांना पाठ असतं. मग दहावरून वीसवर गेलं तर फुग्याचा आकार का अर्धा होत नाही, हे विचारलं की गडबडतात. तू उत्तर काढ. (दोन बारचे तीन बार झाले, दोन तृतीयांश उरला. संपलं.) हे घरी फुकट होतं, तिथे तुझ्या त्या साडेचोवीस तासांतून जातं. चोवीस कौशल्यांची यादी काढ आणि कुणाच्या तरी पूलमध्ये आठवड्यातून दोनदा, फोनवर व्हिडिओ काढून, हळू करून बघ. शिकवताना हात इतके सावकाश हलायला हवेत की बघणाऱ्याला कंटाळा आला पाहिजे. बहुतेकांचे मार्क घाईत जातात. पणजीजवळ नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वॉटर स्पोर्ट्स आहे, केंद्र सरकारची. तिथे जीवरक्षकाचे आणि पॉवरबोट चालवायचे कोर्स होतात, तारखा विचारून ये. बोट चालवता येणारा इन्स्ट्रक्टर कुठल्याही मालकाला दोन माणसांच्या जागी एक पडतो, आणि तुला त्याचे पैसे मागता येतात.

पाऊस संपला की नेत्राणी कर. मडगावहून कोकण रेल्वेने मुर्डेश्वर, तिथून बोट. बेट किनाऱ्यापासून वीसेक किलोमीटर आत आहे. पाणी नितळ मिळालं तर गोव्यात न दिसणाऱ्या गोष्टी दिसतील आणि तुझी पोहण्याची सवय किती सैल आहे तेही दिसेल, कारण इथे गढूळ पाण्यात कुणाला काही दिसत नसतं. मालवण-तारकर्लीलाही जाऊन ये. तिथे एमटीडीसीची स्कूबा संस्था आहे, शिकवण्यासाठी खोल पोहण्याचा तलाव आहे आणि सगळा कारभार मराठीतून. नुसतं बसून त्यांचे वर्ग बघितलेस तरी पुष्कळ.

आणि मुख्य गोष्ट. त्या अंदमानच्या सेंटरला आता, मेमध्येच लिही की मला कोर्स करायचाय, पण त्याआधी नोव्हेंबरपासून दोन महिने डाइव्हमास्टर म्हणून काम द्याल का. सीझनला त्यांना माणसं लागतात. आपल्याच देशात आहे, व्हिसाचा घोळ नाही. बऱ्याच ठिकाणी कामगाराला राहायला खोली देतात, म्हणजे तुझा सगळ्यात मोठा वरचा खर्च तिथेच कमी होतो. स्वच्छ, खोल पाण्यात तुझ्या शंभर डाइव्ह पुऱ्या होतील. ते तुला बघतील, तू त्यांना बघशील. डिसेंबरअखेर कळेल की इथे दीड-पावणेदोन लाख द्यायचे की नाही. नाही वाटलं तर पगार घेऊन परत ये, काही बिघडलं नाही. वाटलं तर जानेवारी-फेब्रुवारीत आयडीसी कर. ते काम नाहीच म्हणाले, तर दुसऱ्या कुठल्या लहान सेंटरला विचार. नाव अंदमानचं असलं पाहिजे असं माझं काही म्हणणं नाही, चार जणांची बॅच आणि खरे विद्यार्थी एवढंच म्हणणं आहे. गोव्यातही कुणी तशी बॅच घेत असेल तर विमानाचं तिकीट वाचलं.

कार्ड हातात आलं की लगेच स्वतःची बॅच घेऊ नकोस. इथे येऊन महिनाभर एखाद्या पांढऱ्या केसांच्या इन्स्ट्रक्टरबरोबर असिस्ट कर. अंदमानच्या पाण्यात विद्यार्थी वीस मीटरवरूनही दिसतो. आपल्याकडे हात लांब केला की बोटं धूसर होतात.

थायलंडबद्दल. को ताओला चांगले शिक्षक आहेत, कोर्स ढीगाने होतात आणि डोळे उघडे ठेवणारा माणूस तिथे भरपूर शिकतो. मी नावं ठेवत नाही. पण तुला सांगितलेल्या दोन गोष्टी सोलून बघ. 'एमएसडीटी धरून' असं कुणी देऊच शकत नाही. ती पायरी चढायला पाच स्पेशालिटी शिकवण्याचे हक्क लागतात आणि स्वतः २५ जणांना सर्टिफाय केलेलं असावं लागतं. पाच हक्क पैसे देऊन मिळतात, पंचवीस माणसं मिळत नाहीत. म्हणजे तू पाच लहान कोर्सचे पैसे आत्ताच भरतोयस, ज्यातले निदान तीन तुला गोव्यात कधी विकता येतील का हा प्रश्नच आहे. आणि 'इंटर्नशिप फुकट' याचा अर्थ दोन महिने तू फुकट काम करणार. तिथे कामाला वर्क परमिट लागतं. पर्यटक व्हिसावर टँक उचलताना कुणी हटकलं तर सेंटरवाला तुझ्या बाजूने किती उभा राहील? तेही लेखी विचार. उत्तर येणार नाही, बघ.

कर्जाचा हिशेब बाबांना दाखवायला देते. १ लाख ४० हजार कर्ज, बारा टक्के व्याज, दोन वर्षं धरली तर हप्ता बसतो महिना साडेसहा हजारांच्या वर. आपला सीझन ऑक्टोबर ते मे. जून ते सप्टेंबर बोट किनाऱ्यावर, पगार बंद किंवा अर्धा, आणि हप्त्याचे सव्वीस हजार त्याच चार महिन्यांत जायचे. इन्स्ट्रक्टरला बहुतेक ठिकाणी थोडा पगार आणि कोर्समागे कमिशन मिळतं. पहिल्या वर्षी कोर्स जुन्या माणसांना जातात, नव्याच्या वाट्याला डिस्कव्हर स्कूबा. बाबांनी आयुष्यभर बंदराचा पगार बारा महिने घेतलाय, त्यांच्या मनात बारा महिन्यांचाच हिशेब असणार. त्यांना आठ महिन्यांचा करून दाखव. मगच ठरवू दे. 'परदेशातलं नाव' याला पर्यटक भुलत नाही. पुण्या-कोल्हापूरहून आलेली, पोहता न येणारी बाई बोटीच्या काठावर बसून 'मला नको, मला नको' म्हणत असते तेव्हा तिला मराठीतून, कोकणीतून, हिंदीतून धीर देणारा पोरगा लागतो. ते तुझ्याकडे आधीच आहे. मालदीवमध्येही भारतीय पाहुणे येतात, पुढे पावसाळ्यात तिकडे काम शोधायला हेच उपयोगी पडेल.

अंदमानच्या वाटेनेही तुला थोडे कमी पडतीलच. पन्नास-साठ हजार पतसंस्थेतून काढलेस तर मी हरकत घेणार नाही, पण ते मेच्या आत फिटतील एवढेच काढ. आईला सांग, पाटल्या परत कपाटात ठेव.

साठ हजारांचा रेग्युलेटर आत्ता नको. आधी चेहऱ्याला बसणारा मास्क, पायात घालायचे पंख, एक साधा डाइव्ह कॉम्प्युटर आणि पृष्ठभागावर सोडायचा फुगा. रेग्युलेटर सेंटर देतं. इन्स्ट्रक्टर झाल्यावर बऱ्याच कंपन्या धंदेवाल्यांना सवलतीत विकतात, तेव्हा घे. जुना घेणार असशील तर शेवटची सर्व्हिस कधी झाली त्याची पावती मागून घे आणि त्याचे सुटे भाग गोव्यात मिळतात का ते आधी विचार.

चष्म्याची अडचण येत नाही. मास्कला नंबरची काच बसवून मिळते. दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा असेल तर दोन वेगळ्या काचा, अशी काच बसवता येणारं मॉडेल निवड. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्सही चालतात, फक्त मास्क काढून दाखवायच्या कौशल्यात डोळे मिटून घ्यायचे, नाहीतर लेन्स वाहून जाते. परीक्षेला जाताना तशीच काच बसवलेला दुसरा मास्क बॅगेत ठेव. माझ्या बॅचमधल्या एकाचा पट्टा नेमका त्या सकाळी तुटला होता, आणि उसन्या साध्या मास्कमधून त्याला परीक्षकाच्या खुणाच दिसत नव्हत्या.